वॉर्ड अठरा, घर नंबर नऊ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वॉर्ड अठरा लाल झाला.

कागद प्रिंटरमधून निम्माच बाहेर आला होता, तेव्हाच ते दिसलं. कर्करोग नोंदणी विभाग दर तीन वर्षांनी नकाशांचा एक संच काढतो. प्रत्येक प्रकारच्या कर्करोगाचा एक नकाशा, प्रत्येकात मागच्या नऊ वर्षांचे रुग्ण. वस्तीच्या मानाने रुग्ण जितके जास्त, तितका त्या भागाचा रंग गडद. कुठे काय निघणार हे विभागातल्या माणसांना तोंडपाठ झालं आहे. समुद्राकडच्या पट्ट्यात तोंडाचा. कारखान्यांमागच्या वस्त्यांत फुप्फुसाचा. शहरातल्या खात्यापित्या वॉर्डांत स्तनाचा. नदीच्या खालच्या अंगाला पित्ताशयाचा, आणि तो तिथेच का, हे अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. अन्ननलिकेचा नकाशा मात्र दर वेळी फिकट निघायचा. या वेळी त्याच्या मधोमध, शहराच्या पोटात, नखाएवढा एक गडद लाल ठिपका होता.

प्रिंटरपाशी दोघं उभी होती. एक नोंदताई. वय चौपन्न, नोकरी बावीस वर्षं. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव इतकं लांब आहे की ते फक्त पगारपत्रकावर मावतं. बाकी सगळ्यांच्या त्या नोंदताई. रुग्णालयातले केसपेपर वाचायचे आणि प्रत्येकातून अकरा गोष्टी काढून घ्यायच्या, हे त्यांचं काम. नाव, वय, रोग कुठे, निदान कसं झालं, आणि पत्ता. दुसरा विभागाचा संख्याशास्त्रज्ञ, वय एकोणतीस. त्याला मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी कुणावर गेली आहे असं विचारलं आणि त्याने तिचं वजन तीन दशांश स्थळांपर्यंत सांगितलं. तेव्हापासून तो दशांश.

दशांश खूश होता. अठरा हजार वस्तीच्या वॉर्डात नऊ वर्षांत चार रुग्ण अपेक्षित होते. नोंदले गेले होते एकतीस. योगायोगाने असं होण्याची शक्यता किती, ते त्याने सांगितलं. त्यात शून्यंच जास्त होती. वॉर्डातल्या पाण्याच्या जुन्या टाकीत नक्कीच काहीतरी आहे, असंही तो म्हणाला. नोंदताई म्हणाल्या की टाकीत काहीतरी असेल तर त्या स्वतः त्याच टाकीचं पाणी तीस वर्षं पितायत.

एरवी हा नकाशा कपाटात गेला असता. या वेळी तसं नव्हतं. आरोग्य कार्यालयाने तपासणीची एक गाडी घेतली होती. आत दुर्बिणीने अन्ननलिका तपासायची सोय, दोन डॉक्टर, एक नर्स. संपूर्ण प्रांताला मिळून गाडी एकच, आणि पहिले तीन महिने ती एकाच ठिकाणी उभी राहणार होती. कुठे, ते नकाशावरून ठरणार होतं. जिथला रंग सगळ्यांत गडद, तिथे. अहवाल द्यायचा होता शुक्रवारी दुपारी चारपर्यंत.

विभाग रुग्णालयाच्या तळघरात आहे. भिंतीपलीकडे कपडे धुण्याची यंत्रं चालतात, त्यामुळे एक भिंत कायम कोमट असते आणि थंडीत सगळ्यांच्या खुर्च्या हळूहळू तिच्याकडे सरकतात. त्या भिंतीला पाठ टेकून नोंदताईंनी दुपारभर वॉर्ड अठराचे एकतीस केसपेपर वाचले. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. वर्षाला चार हजार कागद त्यांच्या हाताखालून जातात. पत्ता वाचायचा, त्यावरून वॉर्डाचा आकडा लिहायचा, पुढे जायचं. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावं मात्र डोळ्यांत तेल घालून ताडून बघायची. माणसं ताडायची; घरं ताडायचा नियम नव्हता.

साडेपाचला त्यांनी दशांशला हाक मारली. एकतीसपैकी सत्तावीस कागदांवर एकच पत्ता होता. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, घर नंबर नऊ.

दशांश खाली बसला. सत्तावीस माणसं एका घरात मावतात का, असं त्याने विचारलं. नोंदताई म्हणाल्या, उद्या जाऊन बघते.

*

बुधवारी दुपारी अडीचला त्यांनी घर नंबर नऊची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंचं वय सत्तरच्या आसपास. हातात गाळणी होती. नोंदताईंनी स्वतःची ओळख सांगायला सुरुवात केली, पण बाईंनी ती पुरी होऊ दिली नाही. त्या बाजूला झाल्या आणि विचारलं, आजारी कोण आहे, आणि दाराजवळची खाट चालेल का, कारण खिडकीजवळची परवापर्यंत रिकामी नाही.

आजारी कुणी नाही, असं नोंदताईंनी सांगितलं. बाईंचा चेहरा खुलला. मग आत या की, म्हणाल्या, नुसती बसायला माणसं येतातच कुठे इथे.

पुढच्या खोलीत तीन खाटा होत्या. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक खिळा, आणि दोन खिळ्यांना एक्स-रेची मोठी पाकिटं अडकवलेली. एका खाटेवर एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपले होते. खिडकीतून रुग्णालयाची मागची भिंत दिसत होती. नोंदताईंनी वही काढली. पाणी कुठलं, घर किती जुनं, स्वयंपाक कशावर होतो, असं सगळं क्रमाने विचारलं. बाई गाळणी धुताधुता उत्तरं देत होत्या. मग नोंदताईंनी मुख्य प्रश्न विचारला. या घरात कुणाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता का?

"या घरात सगळ्यांनाच," बाई म्हणाल्या. "जिला नाही अशी मी एकटीच. आणि आता तुम्ही."

पुढच्या दहा मिनिटांत सगळं उलगडलं. बाईंना गल्ली मावशी म्हणते. मावशींचं माहेर पठारावरचं. घाटापलीकडे, बसने नऊ तास. अकरा वर्षांपूर्वी यजमान गेले आणि घर रिकामं झालं. त्याच महिन्यात माहेरच्या गावचा एक मेंढपाळ घशाच्या दुखण्यासाठी रुग्णालयात आला आणि त्याला राहायला जागा मिळेना. तो इथे राहिला. त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पठारावरून जो उतरला तो मावशींच्या दारात आला. रुग्णालयाच्या फॉर्मवर पत्त्याची ओळ एकच असते. वरच्या गावाचा पत्ता घातला तर तपासणीच्या तारखेचं पत्र तिकडे पोचायला तीन आठवडे लागायचे, आणि तोवर तारीख उलटून गेलेली असायची. मेंढपाळाच्या दोन तारखा अशा गेल्या. तेव्हापासून मावशी प्रत्येकाला फॉर्म भरतानाच बजावतात: माझा पत्ता घाल, पत्र माझ्याकडे येऊ दे, मी तुला गाठते.

नोंदताईंनी वही मिटली. त्यांनी बॅगेतून नकाशा काढून खाटेवर पसरला. वॉर्ड अठरा बोटाने दाखवला, मग बोट वर सरकवत पठारापर्यंत नेलं. पठार पांढरं होतं. सहा हजार दोनशे माणसांची वस्ती, नऊ वर्षांत दोन रुग्ण. पांढरं म्हणजे तिथे आजार नाही की तिथलं कुणी मोजलंच नाही, यातला फरक नकाशा दाखवत नाही. नोंदताई गाडीबद्दलही बोलल्या. ती आता या गल्लीच्या तोंडाशी तीन महिने उभी राहणार आहे, असं सांगितलं.

मावशी नकाशावर वाकल्या. मग त्यांनी विचारलं की म्हणजे चूक त्यांची झाली का. नोंदताई म्हणाल्या, नाही, तुम्ही पत्रं पोचवलीत. चूक माझी, मी नऊ वर्षं एकच घर सत्तावीसदा लिहिलं आणि माझ्या लक्षात आलं नाही.

तीन वाजता फोन वाजला. मावशींनी तो, हात त्याच्यावरच असल्यासारखा, पहिल्याच घंटेला उचलला. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ होता, पठारावरच्या शेवटच्या गावातून. रोज तीनला गावातल्या दुकानातून तो फोन करतो. कसा आहेस, असं मावशींनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, काय खाल्लंस. मग कसं खाल्लंस. मग, पाव नुसताच खाल्लास की बुडवून.

फोन ठेवल्यावर त्या गाळणी पुसत बसल्या. ती कोरडी झाली होती तरी.

त्यांना या आजाराच्या चार पायऱ्या माहीत होत्या. कुठल्या पुस्तकात नाहीत. अकरा वर्षांत ताटं वाढताना दिसलेल्या. आधी माणूस घासागणिक पाण्याचा घोट घेतो. मग पाव चहात बुडवून खातो. मग सगळं कुस्करून मागतो. मग गाळून. घोट, बुडवणं, कुस्करणं, गाळणं. या घरात येणारा माणूस चौथ्या पायरीवरच असतो. त्यांच्या भावाने दोन महिन्यांपूर्वी घोट घ्यायला सुरुवात केली होती. पंधरा दिवसांपासून तो पाव बुडवत होता. दाढ दुखते, असं तो सांगत होता.

नोंदताईंनी विचारलं की तो इकडे का येत नाही.

"त्याने माझ्या घरातून दोन शेजारी परत नेलेत," मावशी म्हणाल्या. "गुंडाळून. म्हणतो, आक्का, तुझ्या घरी जाणारा माणूस चालत जातो आणि उचलून येतो. मी दाढेवर लवंग धरीन, पण तुझ्या खाटेवर झोपणार नाही."

मग त्यांनी नकाशावर हात ठेवला आणि विचारलं, गाडी वर जाऊ शकते का.

पठाराचा रंग बदलला तर, असं नोंदताईंनी सांगितलं.

संध्याकाळी साडेसातपर्यंत त्या दोघी स्वयंपाकघरात बसल्या. मावशींकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही वगैरे काही नव्हती. नोंदताई केसपेपरवरचं एक एक नाव वाचायच्या आणि मावशी डोळे मिटायच्या. काही नावं त्यांना कळायचीच नाहीत. मग नोंदताई वय आणि साल सांगायच्या. मावशींना माणसं आठवायची ती ताटावरून. ही दूध घ्यायची पण साय काढून, ही वरच्या गावची. हा भात गाळताना रडायचा, मेंढपाळाचा चुलतभाऊ. हा मास्तर, पठारावरच्या शाळेतला, चमच्याने पाणी पिताना विद्यार्थ्यांसारखं एक-दोन-तीन मोजायचा. ही नवरा-बायको दोघंही आली होती, एकाच वर्षी, आणि एकमेकांच्या वाटीतलं जास्त झालेलं दुसऱ्याच्या वाटीत ओतायची. सत्तावीसच्या सत्तावीस आठवले. चोवीस पठाराचे होते, तीन दुसरीकडचे. मध्ये एकदा खाटेवरचे म्हातारे गृहस्थ उठले, त्यांना मावशींनी कोमट सूप गाळून दिलं आणि नोंदताईंना म्हणाल्या की हे अठ्ठाविसावे लिहा, वरच्याच गावचे. गृहस्थांनी मान हलवून दुजोरा दिला.

निघताना मावशींनी नोंदताईंच्या हातात चहा ठेवला आणि पहिल्यांदाच एकेरीवर आल्या. म्हणाल्या, निवू दे गं जरा, आमच्या पठारावरच्यासारखी पिऊ नकोस. तिकडे चहा उकळता प्यायची पैज लागते. तोंड पोळलं तर माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे तोंड रोज पोळतं आणि फुंकर कुणी मारत नाही.

नोंदताईंनी ते वहीत लिहिलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. त्याने काही सिद्ध होत नव्हतं.

*

गुरुवारी सकाळी दशांशने सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. तो बरोबर होता. केसपेपरवरचा पत्ता बदलायचा तर कागद लागतो. एका घरमालकिणीला कोण काय खायचं ते आठवतं, हा कागद नव्हे. "ताई, उद्या मला कुणी विचारलं की हा रुग्ण पठारावरचा कशावरून, तर मी काय सांगू? साय काढून दूध प्यायची?"

नोंदताईंनी पठारावरच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. तिथली नर्स रजेवर होती आणि कपाटाची किल्ली नर्सकडे होती. शाळेत फोन लावला. मास्तर गेल्याचं त्यांना माहीत होतं, पण लेखी द्यायला मुख्याध्यापक हवे होते आणि ते सोमवारी येणार होते. अकरा वाजता संचालक खाली येऊन गेले. त्यांना अठराचा नकाशा आवडला होता. पत्त्यांबद्दल नोंदताईंनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले की पुढच्या संचात दुरुस्ती करू. पुढचा संच तीन वर्षांनी निघणार होता.

बारा वाजता नोंदताईंनी मावशींना फोन केला. काही कागद, कसलाही, या लोकांचं गाव सांगणारा, तुमच्याकडे राहिला आहे का? मावशी म्हणाल्या, त्यांची औषधंसुद्धा माझ्याकडे राहिली नाहीत. मग म्हणाल्या, बसचा पास बघितलास का?

रुग्णाला उपचारासाठी बसभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या मागच्या खिडकीवर एक चिठ्ठी करून घ्यावी लागते, आणि चिठ्ठीवर बस कुठल्या थांब्यापासून ते लिहावंच लागतं, नाहीतर कंडक्टर ती घेत नाही. या रांगेत मावशी अकरा वर्षं लोकांच्या बरोबर उभ्या राहिल्या होत्या. चिठ्ठीची दुसरी प्रत केसपेपरला मागे टाचली जाते, शेवटच्या पानाच्याही मागे, बिलांच्या आणि जेवणाच्या कुपनांच्या गठ्ठ्यात. नोंदणीचं काम चौथ्या पानावर संपतं. बावीस वर्षांत नोंदताईंनी पाचवं पान उलटलं नव्हतं. उलटायचं कारणच नव्हतं.

त्या आणि दशांश दोघंही जमिनीवर बसली. जुने गठ्ठे सोडवताना टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या निघाल्या. पहिल्या चार केसपेपरना चिठ्ठी नव्हती. पाचव्याला होती. थांबा पठारावरचा, शेवटून दुसरा. दशांशने ती उजेडात धरली आणि पुढचा गठ्ठा ओढला. संध्याकाळपर्यंत बावीस चिठ्ठ्या निघाल्या. बावीसही पठारावरच्या शेवटच्या तीन थांब्यांच्या. बावीसही मावशींनी सांगितलेल्या गावांशी जुळल्या. एकही चुकली नाही. ज्या पाच जणांची चिठ्ठी मिळाली नाही, त्यांना दशांशने 'पत्ता अनिश्चित' लिहिलं. नोंदताईंनी त्यावर वाद घातला नाही.

शुक्रवारी दुपारी एकला दुसरा नकाशा निघाला. वॉर्ड अठरात चार रुग्ण उरले होते, अपेक्षेइतकेच, आणि तो शेजारच्या वॉर्डांसारखाच फिकट झाला होता. पठारावर दोनाचे चोवीस झाले होते. सहा हजार दोनशे माणसांत चोवीस. त्या कागदावर दुसरं काही दिसतच नव्हतं.

"गेला माझा शोध," दशांश म्हणाला.

"गेला कुठे? घरी गेला," नोंदताई म्हणाल्या.

संचालकांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बघितले. चिठ्ठ्या स्वतः मोजल्या. सही करण्यापूर्वी त्यांनी एक अट घातली: इतका मोठा फेरफार आहे तर तो का झाला, कुणाच्या हातून राहून गेलं, हे अहवालात लिहावं लागेल. नोंदताईंनी ते आधीच लिहून आणलं होतं. तीन ओळी होत्या. रुग्णांचा राहता पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा असू शकतो हे तपासलं गेलं नाही. जबाबदारी नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याची. यापुढे फॉर्मवर पत्त्याच्या दोन ओळी असाव्यात. खाली त्यांचं पूर्ण नाव आणि तो लांबलचक हुद्दा. दशांशला वाटत होतं की जबाबदारीची ओळ गाळावी. ती गाळली नाही. अहवाल तीन वाजून चाळीस मिनिटांनी गेला.

*

गाडी वर जायला पाच आठवडे लागले. घाटातला एक पूल तिच्या वजनाला चालेल का, याची तपासणी मध्ये झाली. त्या पाच आठवड्यांत मावशींचा भाऊ तिसऱ्या पायरीवर आला. फोनवर त्याने ते सांगितलं नाही. दाढ बरी आहे, एवढंच म्हणाला. पण काय खाल्लंस विचारल्यावर त्याने ज्या वस्तू सांगितल्या, त्या सगळ्या कुस्करता येणाऱ्या होत्या.

पहिल्या दिवशी गाडीबरोबर नोंदताई गेल्या, फॉर्म भरायला. मावशीही गेल्या. अकरा वर्षांत त्या वर गेल्या नव्हत्या, कारण अकरा वर्षांत तिन्ही खाटा एकदम कधी रिकाम्या झाल्या नव्हत्या. या वेळीही झाल्या नव्हत्या. समोरच्या घरातल्या सुनेला गाळणी देऊन आणि कुणाला काय, कसं गाळून द्यायचं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेऊन त्या निघाल्या.

शाळेच्या मैदानात गाडी उभी राहिली. सकाळी नऊला रांगेत साठ माणसं होती आणि त्यांतली जवळजवळ सगळी मावशींना ओळखत होती. जो तो येऊन आपल्या गेलेल्या माणसाचं नाव सांगायचा, आणि मावशी म्हणायच्या, हो, आठवतो ना, आणि तो काय खायचा ते सांगायच्या. एक बाई ते ऐकून तिथेच जमिनीवर बसली. तिच्या नवऱ्याने शेवटच्या आठवड्यात चमचाभर फळाचा रस मागून घेतला होता, आणि तो त्याला मिळाला होता, हे तिला सहा वर्षांनी कळत होतं.

भाऊ साडेदहापर्यंत आला नाही. मावशी त्याच्या घरी गेल्या. तो ओट्यावर बसला होता, हातात पेला, पेल्यातून वाफ निघत होती. शर्ट त्याला एक माप मोठा झाला होता. बहिणीला बघून तो उठला नाही.

"एवढी मोठी गाडी माझ्या एका दाढेसाठी आणलीस, आक्का?"

"तुझ्या एकट्याच्या नाही. गावात बाकीच्यांनाही घसे आहेत."

तो म्हणाला की दुर्बीण घालतात म्हणे नळीसारखी, आणि त्याला त्याचा कंटाळा आहे. भीती हा शब्द त्याने वापरला नाही. मावशींनी त्याच्या हातातला पेला काढून घेतला. त्याने सोडला. त्या त्याच्या शेजारी पेला दोन्ही हातांत धरून बसल्या. दाराशी थांबलेल्या नोंदताईंना एवढंच दिसलं की वाफ कमी होत होत थांबली आणि तरी मावशींनी पेला खाली ठेवला नाही.

मग त्याने विचारलं की काही निघालं तर तिच्या खाटेवर झोपावं लागेल का.

"लागेल," मावशी म्हणाल्या. "खिडकीजवळची देईन. पण ऐक. माझ्याकडे आजवर जे आले ते सगळे गाळायला लागल्यावर आले. कुस्करताना आलेला तू पहिला असशील. त्या वेळी आलेला माणूस कसा परत जातो, ते मला माहीत नाही. मी बघितलेलंच नाही."

तो उठला. चहा आधी दे, म्हणाला. मावशी म्हणाल्या, तपासणीआधी काही प्यायचं नसतं, आणि पेला घेऊन आत गेल्या.

तो एकेचाळीस नंबरला होता. फॉर्म नोंदताईंनी भरला. नवीन फॉर्म अजून छापून आले नव्हते. पत्त्याची ओळ एकच होती. त्यावर त्यांनी पठारावरच्या शेवटच्या गावाचं नाव लिहिलं. मग पट्टी घेऊन खाली हाताने दुसरी ओळ आखली आणि तिच्यावर लिहिलं: पत्रासाठी, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, घर नंबर नऊ. आत त्याला सतरा मिनिटं लागली. मावशी गाडीच्या पायरीवर बसून होत्या. तो बाहेर आला तेव्हा त्याने मान हलवली, म्हणजे झालं. डॉक्टरांनी सांगितलं की अरुंद झालेली एक जागा दिसली, तिथला तुकडा काढून तपासणीला पाठवला आहे, आणि तुकडा बघितल्याशिवाय ते काही बोलणार नाहीत.

त्या दिवशी अठ्ठावन्न माणसं तपासली गेली. सहा जणांचे तुकडे पाठवले. गाडी अजून वरच आहे.

रिपोर्टला नऊ दिवस लागतील असं सांगितलं होतं. सहापैकी चौघांचे आले आहेत. आज सोमवार, बारावा दिवस. मावशींनी खिडकीजवळच्या खाटेची चादर बदलली आहे. खाट रिकामी ठेवली आहे. दुपारी तीनला फोन वाजला तेव्हा त्यांनी काय खाल्लंस ते विचारलं. भाताबरोबर उकडलेला बटाटा, तो म्हणाला, कुस्करून. चहा निववून प्यायला का, हेही विचारलं. त्यावर तो नुसता हसला.

पोस्टमन गल्लीतून साडेतीनला गेला. घर नंबर नऊला पत्र नव्हतं.